सवतीची कॉइल

आमच्या ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी, लोणच्याची एक मोठी बरणी आहे. तिच्यात लोणचं नाही, स्क्रू आहेत. बारके, जाडे, काळे, पितळी. माझ्या नवऱ्याने, म्हणजे गुणवंतने, घरात जे जे दुरुस्त केलं त्यातून उरलेले. मिक्सर उघडला, एक उरला. वॉशिंग मशीन उघडलं, मूठभर उरले. "अरे, हा कुठला?" म्हणून विचारलं की शांतपणे सांगणार, "कंपनीवाले जास्तीचेच टाकतात गं. सेफ्टी." आणि एवढं करून वस्तू चालतात, हे माझं खरं दुःख. एकदा तरी मिक्सरने धूर सोडला असता, तर मला तोंड सोडायला जागा मिळाली असती.

दुबईत असले उद्योग कुणी करत नाही. आमच्या अल बर्शाच्या बिल्डिंगीत बल्ब गेला तरी लोक खाली फोन लावतात आणि माणूस येईपर्यंत अंधारात बसतात. गुणवंतला ते जमत नाही. "का? आपण काय मेलोय का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. करामातल्या एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघतो, पण हात शिवशिवतात ते बापाचे. त्याचे वडील, आमचे अप्पा, चिपळूणच्या एसटी डेपोत फिटर होते. त्यांना एकदा व्हिजिट व्हिसावर आणलं होतं, तर पहिल्याच दिवशी आमचा गळका नळ खोलून बसले. मी मुकाट्याने बादली धरली. बापलेकांपुढे माझं काय चालणार!

तर माझी सवत. ती खाली बेसमेंटमध्ये राहते. पांढरी जपानी गाडी, मैथिली केजीत असताना घेतलेली. मैथिली आता अकरावीत आहे आणि बापापेक्षा उंच झालीय, पण गाडी तीच. तिचा एसी ऊद मेथा आलं की गार होतो, आणि ऊद मेथाला मला उतरायचं असतं, कारण माझी शाळा तिथे. मी गणित शिकवते. त्यात माझ्या बाजूची सीट पार मागे रेललेली. सरळ म्हणून होत नाही. मी शाळेत निघालेय की दातांच्या डॉक्टरकडे, हे शेजारच्या गाडीतल्या माणसाला कळत नाही. किती वर्षं सांगतेय! "लिव्हर तुटलंय," म्हणतो.

"मग कर की दुरुस्त. तू काय मेलायस का?"

"पार्ट मिळत नाही गं."

वॉशिंग मशीनचा पार्ट मिळतो, अप्पांच्या काळातल्या रेडिओचा मिळतो, माझ्या सीटचा तेवढा मिळत नाही. असो.

रमजानमध्ये गाडी भर उन्हात बंद पडली, तेव्हा मी त्याच्याकडून शब्द घेतला होता. पुन्हा एकदा रस्त्यात उभी राहिली, तर विकायची. एक अक्षर बोलायचं नाही. त्यानेही दिला. देताना माझ्याकडे न बघता बॉनेटवरची धूळ पुसत होता, पण दिला.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला गाडीपुढे नारळ फोडायचा हे आमच्याकडे अप्पांच्या डेपोतून आलंय. तिथे म्हणे सगळ्या एसट्या धुऊन, झेंडूची माळ घालून उभ्या करायचे, आणि अप्पा एकेकीपुढे नारळ फोडत जायचे. इथे आले होते तेव्हा आमच्या गाडीपुढे त्यांनीच फोडला. पण गेल्या वर्षी गुणवंतने फोडला त्याची एक करवंटी उडाली ती थेट शेजारच्या लेबनीज बाईंच्या नव्या गाडीवर. मग लिफ्टमध्ये नोटीस लागली, पार्किंगमध्ये कोकोनट ब्रेकिंग मनाई. अख्ख्या बिल्डिंगीत नारळ फोडणारं घर एकच. नाव लिहायची गरजच पडली नाही.

या वर्षी सिक्युरिटीचा मिथुन आधीच येऊन उभा. गोरखपूरचा आहे, बिचारा भाविक. हात जोडून म्हणाला, "सर, पूजा करो, मना नहीं है. लेकिन फ्लोअर पे एक बूंद नहीं गिरना चाहिए. मॅनेजर कॅमेरे में देखता है."

गुणवंतने डोकं खाजवलं. हे चिन्ह वाईट, हे मला लग्नापासून माहीत आहे. त्याने बॉनेट उघडलं. इंजिनावर हळदकुंकू वाहिलं. मग नारळ डाव्या हातात, बरोबर इंजिनाच्या वर धरला आणि उजव्या हातातल्या पान्याने ठाण्‌कन हाणला. नारळ फुटला. पाणी सगळं इंजिनावर. जमिनीवर खरंच थेंब नाही.

"बघ," मला म्हणाला, "ज्याची पूजा, त्यालाच पाणी. ह्याला म्हणतात डोकं."

मी आरतीचं ताट धरून उभी होते. मिथुनने टाळ्या वाजवल्या. मैथिली म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा," आणि मोबाइलमध्ये तोंड घातलं. खोबरं मात्र गोड निघालं. मी चटणी केली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ट्रेड सेंटरच्या अलीकडे गाडी थरथरायला लागली. आधी थोडी, मग अशी की माझ्या बांगड्या वाजायला लागल्या. चेक इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. गुणवंत "काही नाही गं, काही नाही," म्हणत म्हणत कडेला आला आणि गाडी फुस्स करून बसली. शेख झायेद रोडवर, ऑक्टोबरच्या उन्हात, साडी नेसून मी उभी. बाजूने शाळेच्या बसेस चाललेल्या. खिडक्यांतून माझीच पोरं हात हलवतायत, "गुड मॉर्निंग, मॅम!" एकाने तर व्हिडिओ घेतला. मी हसून हात हलवला आणि ओठ न हलवता नवऱ्याला म्हणाले, "खलास. संपलं आता."

टॅक्सीतूनच मी हम्मादला फोन लावला. हम्माद मूळचा पेशावरचा, शारजात जुन्या गाड्या घेतो-विकतो. आमच्या मजल्यावरच्या दोघांच्या गाड्या त्यानेच नेल्या. माणूस सरळ आहे. म्हणाला, "भाभीजी, कल असर की नमाज़ के बाद आता हूँ, इन्शाल्ला." असर म्हणजे दुपार उतरल्यावरची.

संध्याकाळी गाडी टो करून घरी आली. गुणवंत जेवायला बसला आणि पोळी तोडून नुसता बसला.

"सुनेत्रा," म्हणाला, "हम्माद येईपर्यंत वेळ दे. कॉइल गेलीय, दुसरं काही नाही. मी उद्या घरीच बदलतो. नीट चालली तर ठेवायची."

"आणि नाही चालली तर?"

"तर दे त्याला."

एवढं बोलून त्याने ताट बाजूला सारलं. जुनाट लोखंड ते, त्यासाठी एवढं? मला राग आला, आणि रागारागात मी हो म्हणून बसले.

कॉइल म्हणजे काय, ते त्याने मला स्वयंपाकघरात समजावलं, हातात लांबडं वांगं उभं धरून. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाच्या डोक्यावर एक खोल भोक, त्याच्या तळाशी प्लग, आणि प्लगवर ही अशी काळी कांडी बसवलेली. ती प्लगला वीज देते, मग ठिणगी पडते, मग पेट्रोल पेटतं. एक कांडी गेली की गाडी तीन पायांवर चालते. त्याच्याकडे एक डबी आहे, ती स्टिअरिंगखाली लावली की मोबाइलवर रोगाचं नाव येतं. तिसरा सिलिंडर, असं आलं होतं. एजन्सीला फोन केला, तर त्यांनी सांगितलेला आकडा त्याने दिरहॅममध्ये ऐकला, मोठ्याने रुपयांत केला आणि फोन ठेवला. मग देराच्या बाजारात जाऊन स्वतःच एक कॉइल घेऊन आला. माझं वांगं मात्र समजावता समजावता पिचलं.

शनिवारी सकाळी चहा घेऊन मी खाली गेले. मला त्या गाडीचं काडीचं प्रेम नाही. फक्त किती वाट लावलीय ते बघायचं होतं. चटईवर पाने, पकडी, माझी जुनी सुती साडी फाडून केलेली फडकी, आणि मोबाइलमध्ये एक गोरा माणूस हसत हसत सांगत होता की हे काम चहा होईस्तोवर होतं. मिथुन कावराबावरा होऊन उभा. "सर, पार्किंग में रिपेअरिंग अलाउड नहीं."

"रिपेअरिंग कहाँ, मिथुन? पूजा का बाकी है थोडा."

जाळीवर झेंडूची माळ होतीच. मिथुनने इंजिनाला नमस्कार केला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

गुणवंतने बॅटरीची वायर काढली, वरचं झाकण काढलं. तिसऱ्या कॉइलचा वायरवाला कनेक्टर नुसता दाबला, तर त्याची क्लिप कट्‌कन तुटली. इथल्या उष्म्यात प्लास्टिकचा पापड होतो. "काही नाही, चिकटपट्टी लावू," म्हणाला. मग कॉइलचा बोल्ट सोडवला. तो हातातून सटकला आणि टण्, टण्, टण् करत इंजिनाच्या पोटात गेला. आता आली का पंचाईत! मी वर गेले, फ्रिजवरचं उंटाचं मॅग्नेट काढलं, परकराची नाडी ओवली आणि खाली आणून मैथिलीच्या हातात दिलं. तिचे हात लांब आहेत. ती बॉनेटमध्ये वाकली आणि विहिरीत गळ टाकावा तसा तिने उंट सोडला. बराच वेळ उंट रिकामाच वर येत होता. शेवटी बोल्ट घेऊन आला. मिथुनने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

जुनी कॉइल निघाली. तिचं खालचं रबर काळपट, चिकट. "वय झालं बिचारीचं," गुणवंत म्हणाला. नवी कॉइल बसवली, वायर लावली, बॅटरी जोडली. मला म्हणाला, "मार किल्ली." मी किल्ली फिरवली.

गाडी तशीच थरथरली. जशीच्या तशी.

त्याने पुन्हा काढली, पुन्हा बसवली. पुन्हा तेच. मोबाइलमधला गोरा माणूस अजून हसतच होता, त्याला मी बंद केलं. गुणवंत बंपरवर बसला. शर्ट घामाने भिजलेला, नाकाला ग्रीस. "देरावाल्याने खराब कॉइल दिली," म्हणाला, पण त्याचा स्वतःचाच विश्वास दिसत नव्हता. तिकडे दुपार उतरायला लागलेली. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. माझंच खरं झालं होतं ना?

मैथिली अजून बॉनेटमध्ये डोकं घालून होती, ती तेवढ्यात म्हणाली, "बाबा, व्हाय डझ इट स्मेल लाइक मोदक?"

"काय?"

"सीरियसली. स्मेल इट."

मी वाकले. आणि देवाशपथ सांगते, त्या भोकातून उकडीच्या मोदकाचा वास येत होता. जरा करपलेल्या, पण मोदकाचाच. गुणवंतने लांब स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळलं आणि आत घातलं. बाहेर आलं ते तपकिरी, चिकट, पाकासारखं. आणि त्यात खोबऱ्याचा एक कण.

 आम्ही सगळ्यांनी झेंडूच्या माळेकडे बघितलं. मग गुणवंतकडे.

मिथुन हळूच म्हणाला, "सर, लेकिन फ्लोअर पे तो एक बूंद नहीं गिरा था."

मी जे हसायला लागले ते गाडीला धरून खालीच बसले. डोळ्यांतून पाणी. ज्याची पूजा, त्यालाच पाणी! अख्ख्या दुबईत इंजिनात नारळपाणी ओतून वर स्वतःच्या डोक्याचं कौतुक करून घेणारा हा एकच प्राणी असेल आणि तो माझ्या वाट्याला आलाय. गुणवंत आधी रागावला, मग त्याचेही खांदे हलायला लागले.

"अगं, मग नवी कॉइल चांगलीच आहे," तो एकदम उठला. "ओल्या भोकात बसवली म्हणून चालत नाहीये. साफ केलं की झालं!"

आता वेळ थोडा होता. मी म्हणू शकले असते, तुझं तू बघ. पण मी वर धावले. केस वाळवायचा ड्रायर आणला, मैथिलीची दुधाची बाटली घासायचा जुना ब्रश आणला, लहानपणी तिला औषध पाजायची पिचकारी आणली. मिथुनने त्याच्या केबिनमधून एक्स्टेन्शन ओढलं. पिचकारीने पाक ओढायचा, फडक्याने पुसायचं, ड्रायरने वाळवायचं. मग प्लग काढून ब्रशने घासायचा. सवतीचं बाळंतपण मी स्वतःच्या हाताने करत होते, आणि "अरे, त्या कोपऱ्यात राहिलं बघ," म्हणून वर सूचनाही देत होते.

कॉइल पुन्हा बसली. "मार," गुणवंत म्हणाला. मी मारली.

गाडी अशी सुरू झाली की सुरू झालीय हे कळायला हात लावून बघावा लागला. गुणवंतने बॉनेटला कपाळ टेकलं. मैथिली "येस्स!" म्हणून ओरडली. चटईवर एक स्क्रू उरला होता, तो त्याने माझ्याकडे न बघता खिशात घातला.

आणि रॅम्पवरून हम्माद उतरला.

कडक इस्त्रीचा पठाणी, हातात जपाची तसबी. सलाम झाला, चहा झाला. त्याने बॉनेट उघडं असताना इंजिनाला कान लावला आणि मान डोलावली. "माशाल्ला, भाईसाहब! क्या चल रही है. मेरे पास ग्राहक तैयार है." आणि त्याने मला जो भाव सांगितला तो माझ्या अंदाजापेक्षा बराच बरा होता.

खरं सांगते, माझं मन फिरलं. शब्द दिला होता, मान्य. चालली तर ठेवायची, ठरलं होतं. पण आज चाललीय, उद्याचं काय? बसमधली ती पोरं, तो व्हिडिओ, ते ऊन सगळं आठवलं. मी गुणवंतला बाजूला घेतलं. "ऐक. चालतेय तोवरच देऊन टाकूया. परत असा भाव येणार नाही."

मला वाटलं, भांडेल. ठरल्याची आठवण करून देईल. तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "काल तू उन्हात उभी राहिलीस. माझ्यामुळेच. दे." आणि हम्मादला म्हणाला, "देख लो, भाई. अंदर से भी देख लो."

हम्माद पद्धतशीर माणूस. डिकी बघितली, टायर बघितले, काचा वरखाली केल्या. मग माझ्या बाजूच्या सीटवर बसला आणि मागे कलंडला. "ये क्या है, भाभीजी? बिस्तर बनाया हुआ है?"

"लिव्हर टूटा है," मी म्हणाले. "कब से बोल रही हूँ."

हम्मादने सीटच्या बाजूला हात घातला. चाचपलं. मोबाइलचा उजेड पाडला. "टूटा नहीं है. लिव्हर एकदम ठीक है. किसी ने ऊपर स्क्रू मारा है, इसलिए उठता नहीं. एक मिनट का काम है, निकाल दूँ?"

"नहीं!"

गुणवंत एवढ्या मोठ्याने ओरडला की बेसमेंटभर घुमलं. मिथुन दचकला. हम्मादने हात मागे घेतला. मी वाकून बघितलं. लिव्हरच्या बरोबर वर, प्लास्टिकमध्ये, एक पितळी स्क्रू. नीट, सरळ, शेवटपर्यंत पिळलेला. कंपनीने टाकलेला नव्हता. आमच्या बरणीतला होता.

"गुणवंत?"

तो माझ्याकडे बघेना. गाडीच्या टपाला म्हणाला, "अप्पांना वरचं दिसत नव्हतं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग आठवलं. अप्पा पुढे बसायचे, आणि शेख झायेद रोडवर खिडकीतून मान बाहेर काढायचे. अहो अप्पा, मान आत घ्या, कॅमेरा फोटो काढेल, मी मागून ओरडायची. ते म्हणायचे, "सूनबाई, एवढ्या उंच बिल्डिंगी बांधल्यान, आणि शेंडा दिसतच नाही." मग गुणवंतने एका सिग्नलला गाडी थांबवून त्यांची सीट मागे केली होती. थोडी, अजून थोडी. "दिसतंय का, अप्पा?" "आता दिसतंय रे." आणि सगळे दिवस ते तसेच रेलून, हात पोटावर ठेवून, वर बघत फिरले होते.

करोनाच्या वर्षी अप्पा गेले. विमानं बंद. चुलत दिराने चितेसमोर मोबाइल धरला आणि आम्ही या अल बर्शाच्या हॉलमध्ये उभं राहून हात जोडले. गुणवंत त्या दिवशी रडला नाही. पार्किंगमध्ये जाऊन येतो म्हणाला, आणि बराच वेळ आला नाही. मला वाटलं होतं, नुसताच बसला असेल.

घरात प्रत्येक वस्तूतून ज्याने स्क्रू काढून ठेवले, त्याने एक स्क्रू असा लावला होता. आणि मी त्याला इतकी वर्षं दातांच्या डॉक्टरवरून टोमणे मारत होते.  त्याचा राग आला, आधी सांगता येत नव्हतं का मेल्याला? आणि रागाच्या मागोमाग रडू आलं, ते मी पदराने नाक पुसण्यात खपवलं.

"हम्मादभाई," मी म्हणाले, "माफ करना. गाडी नहीं देनी."

"भाभीजी! शारजा से आया हूँ मैं!"

"हबीबी, चाय और पियो. खोबरे की चटणी देती हूँ, घर ले जाओ. लेकिन गाडी नहीं."

हम्मादने एकदा स्क्रूकडे बघितलं, एकदा गुणवंतकडे. काय समजायचं ते समजला असावा. पेशावरला त्यालाही वडील असतील. कपाळाला हात लावून सलाम केला आणि चटणी मात्र घेऊन गेला.

"आता काय?" गुणवंत म्हणाला. डोळे लाल होते, नाकाला ग्रीस तसंच.

"आता काय म्हणजे? एवढी दुरुस्त केलीस, फिरवून नको आणायला? यल्ला, बस."

मी माझ्या जागी बसले. मागे रेलले. एरवी मी त्या सीटमध्ये कंबर ताठ करून, डॅशबोर्डला धरून बसते, मुद्दाम, त्याला दिसावं म्हणून. आज नाही धरलं. हात पोटावर ठेवले. गाडी रॅम्प चढली, शेख झायेद रोडला लागली. उन्हं उतरली होती. काचांच्या बिल्डिंगी एकामागून एक येत होत्या आणि प्रत्येकीचा शेंडा मला आपोआप दिसत होता.

"आई, यू सेड इट्स अ डेंटिस्ट चेअर," मागून मैथिली.

"गप गं."

गुणवंतने माझ्याकडे बघितलं. "सरळ करू का? काढतो स्क्रू. खरंच काढतो."

"नको," मी म्हणाले. "तू फक्त जरा हळू चालव. मला वरचं बघू दे."